श्रवणाची वरची मर्यादा : कर्णपरीक्षणात मोजायची राहून जाणारी बाब

श्रोत्रेंद्रियाचा विषय शब्द आणि त्याचे महाभूत आकाश, हे आयुर्वेदाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही ज्ञात असते. परंतु शब्दाला जसा लहानमोठेपणा असतो तशी उंचीही असते, आणि किती उंच शब्द ऐकू यावा याची मर्यादा प्रत्येक मनुष्यात वेगळी व वयानुसार खाली येणारी असते, या बाबीकडे आपल्या चिकित्सालयात फारसे लक्ष दिले जात नाही. रुग्णास आपण 'ऐकू येते का?' असे विचारतो. तो 'येते' म्हणतो. आणि कर्णपरीक्षण तेथेच संपते. प्रस्तुत लेखात याच मर्यादेचा विचार करावयाचा आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तो अधिक अगत्याचा वाटतो. कापसाच्या जिनिंगचे कारखाने, वणी परिसरातील कोळशाच्या खाणी आणि सर्वदूर ख्याती पावलेला दुर्गोत्सव व त्यातील ध्वनिक्षेपक, या तिन्हींचा भार येथील कानांवर पडत असतो.

मनुष्याची श्रवणमर्यादा सामान्यतः २० ते २०,००० हर्ट्झ अशी सांगितली जाते. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातील कंपनांची संख्या. यातील २०,००० हा आकडा निरोगी बालकाचा आहे, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. तारुण्यात तो सोळा-सतरा हजारांवर येतो, पन्नाशीच्या आसपास बारा हजारांच्या घरात आणि साठीनंतर पुष्कळांत दहा हजारांच्याही खाली उतरतो. आकड्यांकडे पाहिल्यास अर्धे श्रवण गेले असे वाटते. वस्तुतः तसे नाही. संगीतातील सप्तकाच्या हिशेबाने प्रत्येक वरच्या सप्तकात कंपनसंख्या दुप्पट होते. म्हणून २० पासून २०,००० पर्यंत सुमारे दहा सप्तके होतात आणि दहा हजारांच्या वरचा सर्व प्रदेश म्हणजे त्यांतील केवळ शेवटचे एक सप्तक. पेटीच्या अगदी वरच्या पट्टीचे मूळ कंपनही सहसा दोन हजार हर्ट्झच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे हे शेवटचे सप्तक हरपले तरी भजन ऐकू येते, बोलणे ऐकू येते, आणि काही गेले आहे याची जाणीव त्या मनुष्यास होत नाही. चिकित्सकाची अडचण नेमकी येथेच आहे.

हानी वरच्या टोकाकडूनच का सुरू होते, याचे उत्तर कर्णावर्ताच्या रचनेत सापडते. गोगलगाईच्या शंखाप्रमाणे अडीच वेढ्यांची ही नळी उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या प्रवेशद्वाराशी उंच स्वर ग्रहण करणाऱ्या केशपेशी असतात व शिखराकडे खर्ज ग्रहण करणाऱ्या. एका कानात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत सुमारे १२,००० केशपेशी असतात. कोणताही ध्वनी, मग तो ढोलाचा असो की शिट्टीचा, आत शिरताना प्रवेशद्वाराजवळील पेशींवरूनच पुढे जातो. शिवाय त्या पेशींचा चयापचयही अधिक वेगाचा असतो. जिनगरातला पायपुसण्याचा दगड आधी झिजतो, तसेच हे. मनुष्यात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत.

या मर्यादेचे मोजमाप करण्याचा पहिला ख्यातनाम प्रयत्न इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॅल्टन यांनी केला. १८७६ मध्ये त्यांनी एक बारीक शिट्टी तयार केली. तिच्या नळीतील दट्ट्या स्क्रूने मागेपुढे करून स्वर उंच करीत नेता येई. वय वाढते तसे उंच स्वर ऐकण्याचे सामर्थ्य घटते, हे त्यांना या शिट्टीने दाखवून देता आले. काठीच्या टोकास ती बसवून ते प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांजवळही वाजवीत. माणसाला न ऐकू येणारी कुत्र्यांची शिट्टी म्हणून पुढे जी वस्तू प्रचारात आली, ती याच शिट्टीची वंशज होय.

आपल्याकडे असे परीक्षण अनेक घरांतून नकळत होऊन गेले आहे. काचेच्या नळीचे जुने दूरदर्शन संच चालू असताना त्यांतून एक अतिशय बारीक, कानात सुई टोचावी तसा स्वर निघत असे. पडद्यावर ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे, म्हणून त्याची कंपनसंख्या बरोबर १५,६२५. आवाज पूर्ण बंद केलेला असला तरी शेजारच्या खोलीतील नातवंडास 'टीव्ही चालू आहे' हे कळे आणि त्याच खोलीत बसलेल्या आजोबांना कळत नसे. त्या काळी याला कोणी कर्णपरीक्षण म्हटले नाही, परंतु ते होते. सपाट पडद्याचे संच आले आणि तो स्वर घराघरांतून नाहीसा झाला. २००५ मध्ये वेल्समधील हॉवर्ड स्टेपल्टन यांनी याच गोष्टीचा व्यापारी उपयोग केला. दुकानांसमोर घोळक्याने उभ्या राहणाऱ्या तरुणांना हुसकावण्यासाठी सतरा हजार हर्ट्झच्या आसपास कर्कश स्वर सोडणारे यंत्र त्यांनी बाजारात आणले. मोठ्या वयाच्या गिऱ्हाइकांना त्याचा पत्ताही लागत नसे. शाळकरी मुले अधिक हुशार निघाली. त्यांनी तोच स्वर मोबाइलची घंटी म्हणून वापरला, म्हणजे वर्गात शिक्षकांना ऐकू येऊ नये.

खेड्यातील वृद्ध मंडळी अनेकदा सांगतात की, पूर्वीसारखे रातकिडे आता राहिले नाहीत. फवारण्यांमुळे कीटक घटले असतील, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु काही रातकिड्यांचा स्वर चार-पाच हजार हर्ट्झचा असतो, तर गवतातील नाकतोड्यांच्या जातभाईंपैकी अनेकांचा दहा हजारांच्या वर जातो. सत्तरीच्या कानाला त्यांतील पहिले क्षीण ऐकू येतात व दुसरे मुळीच येत नाहीत. असे सांगणाऱ्या रुग्णाच्या नातवास एकदा बाजूला बोलावून विचारावे. तो पुष्कळदा वेगळेच सांगतो.

आघात तीन, खुणा तीन

वरच्या टोकाची हानी ही एकच वस्तू नव्हे. वार्धक्यामुळे होणारी हानी वरून खाली, सावकाश आणि दोन्ही कानांत जवळपास सारखी येते. वार्धक्यात वाताचे आधिक्य सांगितले आहेच, त्यामुळे हा क्रम आपणांस अपरिचित वाटू नये. काही औषधांमुळे होणारी हानीही वरूनच सुरू होते, पण ती वर्षांत नव्हे तर आठवड्यांत उतरते. नादाच्या अतियोगाची खूण मात्र निराळी आहे. तीन ते सहा हजार हर्ट्झच्या दरम्यान, बहुधा चार हजारांपाशी, ऑडिओग्रामवर एक खड्डा दिसतो आणि आठ हजारांकडे आलेख पुन्हा वर चढतो. बाह्य कर्णनलिका स्वतःच्या लांबीमुळे तीन हजारांच्या आसपासचे ध्वनी वाढवून आत पाठविते आणि इजा त्याच्या किंचित वरच्या स्थानी होते, असे याचे स्पष्टीकरण आहे. काळजी न घेतल्यास हा खड्डा रुंदावत जाऊन वार्धक्याच्या उताराला मिळतो. मग कोणता भाग कशाचा, हे सांगणे दुष्कर होते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात असात्म्येंद्रियार्थसंयोगाचे विवेचन करताना मेघगर्जना, नगारे व मोठ्याने केलेला आक्रोश यांचे अतिश्रवण हा शब्दाचा अतियोग म्हटला आहे. वाताच्या नानात्मज विकारांत त्यांनी अशब्दश्रवण, उच्चैःश्रुति आणि बाधिर्य ही तीन नावे एकापुढे एक दिली आहेत. बाहेर शब्द नसता तो ऐकू येणे, मोठ्यानेच बोललेले ऐकू येणे आणि मुळीच ऐकू न येणे. नादाच्या आघाताने कान बिघडलेल्या रुग्णाची कथा आम्ही पुष्कळदा याच क्रमाने ऐकली आहे. प्रथम रात्री निजताना 'कानात रातकिडा बोलतो' ही तक्रार, काही वर्षांनी 'बाईकडचे बोलणे कळत नाही' ही, आणि तिसरी तक्रार घरच्यांची असते. आचार्यांना हर्ट्झ अभिप्रेत होते असा दावा करण्याचे कारण नाही, आणि असे दावे करणाऱ्यांनी शास्त्राचे भले केलेले नाही. तरी पहिल्या दोन अवस्थांना स्वतंत्र नाव दिलेले आहे, ही गोष्ट चिकित्सकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण उत्तरकालीन ग्रंथांत वृद्धाचे व जुने बाधिर्य वर्ज्य मानले आहे. हाताशी काही लागावयाचे असेल तर ते पहिल्या दोहोंत.

जिनिंगचा हंगाम

दिवाळीनंतर कापूस येऊ लागतो आणि यवतमाळ, वणी, पांढरकवडा, घाटंजी, आर्णी, दारव्हा या भागांतील जिनिंग यंत्रे सुरू होतात ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. एका छताखाली रांगेने उभ्या असलेल्या दुहेरी रुळांच्या यंत्रांजवळ उभे राहून शेजारच्याशी बोलावयाचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. जेथे हाताच्या अंतरावरील मनुष्याशी ओरडून बोलावे लागते, तेथील आवाज कानास घातक आहे असे समजावे. यासाठी यंत्राची आवश्यकता नाही. कारखान्यांसाठीच्या नियमांनी आठ तासांस ९० डेसिबल ही मर्यादा घातली. २०११ मध्ये जळगाव परिसरातील जिनिंग कामगारांच्या श्रवणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कामाच्या जागेचा आवाज या मर्यादेच्या वर गेलेला आणि कामगारांची हानी उंच स्वरांत झालेली आढळली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने नादजन्य श्रवणहानीला अधिसूचित रोगांच्या यादीत स्थान दिले होते. तरीही कानासाठी औषध मागणाऱ्या कामगारास 'काम कोठे करता?' हा प्रश्न आपल्यापैकी कितीजण विचारतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

या कामगारांच्या बाबतीत एक गोष्ट फसवी आहे. पाळी सुटल्यावर काही तास कान दडपल्यासारखे वाटतात, शिट्टी वाजते, आणि सकाळपर्यंत सारे पूर्ववत होते. हे तात्पुरते मंदत्व आहे. रोज पूर्ववत होते म्हणून कामगार निर्धास्त राहतो. हंगामामागून हंगाम जातो तसतसे पूर्ववत होण्याचे प्रमाण घटत जाते. म्हणूनच ऑडिओमेट्री करावयाची ती गोंगाटापासून किमान चौदा तास दूर राहिल्यानंतर, शक्यतो पाळी सुरू होण्यापूर्वी सकाळी. पाळी सुटताच तपासलेला कान खरा असतो त्याहून वाईट दिसेल.

गोंगाटाचा संबंध असलाच की रोग व्हावा, असे मात्र नाही. सॅम्युअल रोझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुदानमधील माबान जमातीच्या वृद्धांचे श्रवण तपासून १९६२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, व १९६४ मध्ये त्यांच्या अत्युच्च स्वरांच्या श्रवणाची शहरी लोकांशी तुलना केली. अतिशय शांत परिसरात राहणाऱ्या या वृद्धांचे कान शहरी वृद्धांहून पुष्कळच चांगले आढळले. त्याचे श्रेय शांततेला द्यावे, की त्यांच्या आहारास व कमी रक्तदाबास, यावर पुढे वाद झाला. आम्हांस तो वादच अधिक उद्बोधक वाटतो, कारण आहार व विहार दोन्ही त्यात आले. झरी-जामणी व मारेगाव भागातील कोलाम पोडांवरील वृद्धांचे असे परीक्षण कोणी निष्ठेने केले तर ते मोलाचे काम ठरेल.

परीक्षण कसे करावे

नेहमीची ऑडिओमेट्री २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंतच होते. बोलणे समजण्यास तेवढे पुरते, म्हणून ती तेथे थांबते. त्याच्या वर, नऊ हजारांपासून सोळा हजारांपर्यंत व क्वचित वीस हजारांपर्यंत, मोजणारी विस्तारित तपासणी निराळी असते. तिला वेगळे हेडफोन लागतात आणि ते किंचित सरकले तरी आकडा बदलतो, कारण इतक्या उंच स्वरांच्या लहरी कर्णनलिकेच्या लांबीएवढ्याच आखूड असतात. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. तीच व्यक्ती, तेच यंत्र आणि काही महिन्यांच्या अंतराने घेतलेली दोन मापने यांतील फरक अधिक बोलका असतो.

मोबाइलवरील 'तुमच्या कानाचे वय किती' अशी परीक्षा अनेक वाचकांनी करून पाहिली असेल. करमणूक म्हणून ठीक. निदान म्हणून नव्हे. लहान स्पीकरला वरचे स्वर काढताच येत नाहीत. आकारमान कमी केलेल्या ध्वनिफितींतून सोळा हजारांच्या वरचा भाग बहुधा कापलेला असतो. स्वर सुरू होताना होणारी 'टक्' ऐकून मनुष्य 'ऐकू आले' म्हणतो. आणि ऐकू येत नाही म्हणून आवाज पूर्ण वाढविला की स्पीकर विकृत होऊन खालचे स्वर निर्माण करतो. ऐकू येतात ते हे, मूळ स्वर नव्हे. शिवाय ऐकू न येणारा मोठा आवाजही कानावर आदळतच असतो. कोणतीही परीक्षा घ्यावयाची झाल्यास स्वर केव्हा चालू आहे हे रुग्णास दिसू नये आणि मध्ये काही वेळा मुद्दाम शांतता ठेवावी. पुरुष रुग्ण, विशेषतः मुलगा बरोबर असेल तर, शांततेतही मान डोलावतात.

यंत्राविना करावयाची परीक्षा म्हणजे कुजबूज. रुग्णाच्या मागे हाताच्या अंतरावर उभे राहावे, त्याच्या दुसऱ्या कानाच्या पाळीसमोरील उंचवटा बोटाने दाबून चोळावा, श्वास सोडून झाल्यावर हलकेच आकडे उच्चारावे व त्यास परत म्हणावयास सांगावे. आकडे निवडताना मराठीचा उपयोग करून घ्यावा. 'नऊ, दोन, नव्वद' हे खालच्या स्वरांचे आकडे, 'सहा, सात, साठ, सदुसष्ट' हे ऊष्म वर्णांचे. 'स' या वर्णाची शक्ती मुख्यतः चार हजार हर्ट्झच्या वर असते. पहिले बिनचूक सांगितले आणि दुसऱ्यांत गोंधळ झाला, तर वरचे टोक खाली येत येत बोलण्याच्या प्रदेशात शिरले असे समजून ऑडिओमेट्रीसाठी पाठवावे. त्यापूर्वी कर्णगूथ असल्यास काढावा, आणि त्या दिवशी कर्णपूरण करू नये. तेलाने भरलेला कान कोणत्याही यंत्रास बहिराच दिसणार. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सेवाग्राम, सावंगी व नागपूर ही स्थानेही फार दूर नाहीत.

या 'स'चा औषधालयाशी संबंध सरळ आहे. ज्याचे वरचे स्वर गेले त्यास स्वर ऐकू येतात, व्यंजने गळतात. 'साठ' मधील 'स' गळला तर उरते 'आठ'. 'सहा थेंब' आणि 'दहा थेंब' यांत फरक एका व्यंजनाचा आहे. काउंटरवर गर्दी, वर पंखा, बाहेर रस्ता, आणि समोर मान डोलावणारे आजोबा. मोठ्याने ओरडून उपयोग होत नाही. ओरडताना स्वर मोठे होतात, 'स' तेवढाच राहतो. समोर येऊन, ओठ दिसतील असे, सावकाश सांगावे, मात्रा पुडीवर मोठ्या अंकांत लिहावी आणि रुग्णाकडून ती वदवून घ्यावी. चूर्णाच्या बाबतीत हे फारसे बिघडवीत नसेल, परंतु भल्लातक किंवा वत्सनाभयुक्त कल्पांच्या बाबतीत आकडा चुकणे परवडणारे नाही.

औषधांमुळे होणारी हानी

कॅनामायसिन व अमिकासिन यांसारखी इंजेक्शने कर्णावर्ताच्या प्रवेशद्वाराजवळील पेशी प्रथम मारतात. विस्तारित तपासणी येथे खरोखर जीव लावून करण्याजोगी आहे, कारण हानी आठ हजारांच्या वर दिसते तेव्हा बोलण्याचा प्रदेश अजून शाबूत असतो आणि औषध बदलण्यास वाव राहतो. औषधांस दाद न देणाऱ्या क्षयासाठी कॅनामायसिन वर्षानुवर्षे दिले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात ते वापरू नये असे सांगितले व अमिकासिनसाठी श्रवणाची देखरेख आवश्यक मानली. पूर्वी ही इंजेक्शने घेतलेले रुग्ण आज कर्णनादाची तक्रार घेऊन आपल्याकडे येतात. त्यांचा पूर्वेतिहास विचारावा. काही कुटुंबांत मातेकडून आलेल्या दोषामुळे थोड्याशा मात्रेनेही बहिरेपण येते, म्हणून आईच्या माहेरची चौकशीही करावी. औषधालय चालकांनी जेंटामायसिन वा निओमायसिन असलेले कानाचे थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत. पडदा फुटलेला असल्यास ते आत उतरतात. फुटक्या पडद्यात आपले तेलही घालावयाचे नाही, हे वेगळे सांगावयास नको.

चिकित्सेची मर्यादा

नित्य कर्णपूरणाने वातज कर्णरोग, उच्चैःश्रुति व बाधिर्य होत नाही असे चरकांनी दिनचर्येत सांगितले आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील बिल्वतैल, सारिवादि वटी, नस्य, रसायन, यांचा उपयोग आपण करतो व कर्णनादाच्या रुग्णास झोप लागू लागली, त्रास सुसह्य झाला, असा अनुभव आपणांपैकी अनेकांस असेल. परंतु 'श्रवण सुधारले' असे म्हणावयाचे झाल्यास चिकित्सेपूर्वीचा व नंतरचा ऑडिओग्राम शेजारी ठेवावा लागेल. नष्ट झालेल्या केशपेशी तैलाने परत येतात असे रुग्णास सांगू नये. आणि एका कानाने एकाएकी, काही तासांत वा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले असेल, तर तो कर्णपूरणाचा रुग्ण नव्हे. त्यास त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. तेथील उपचारांचा लाभ पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो आणि आपल्याकडे घालविलेला आठवडा परत मिळत नाही.

जाता जाता चिकित्सकांच्या स्वतःच्या कानांविषयी. साठी उलटलेले आमचे काही स्नेही वरचे स्वर गेल्याचे ऐकून स्टेथोस्कोपविषयी चिंतित झाले. हृदयाचे ध्वनी बहुतांशी काहीशे हर्ट्झच्या आतले असतात. त्यांस इतक्यात धक्का नाही. धक्का बसतो तो दबक्या आवाजात व्यथा सांगणाऱ्या स्त्रीरुग्णाचे बोलणे समजण्यास.

येत्या हंगामासाठी आम्ही असे सुचवितो की, जिनिंग असलेल्या गावांतील सभासदांनी दिवाळीपूर्वी आपल्या परिचयातील कामगारांची कुजबूज परीक्षा व शक्य तेथे ऑडिओमेट्री करून घ्यावी आणि हंगाम संपल्यावर पंधरा दिवसांनी ती पुन्हा करावी. नोंदपत्रात वय, कामाची वर्षे, यंत्रापासूनचे अंतर, कर्णनाद आहे वा नाही, क्षयाची इंजेक्शने घेतली काय, आणि कानात बोळे वापरतात काय, एवढे रकाने पुरेत. साधा कापसाचा बोळा फारसा उपयोगी नसतो, हेही कामगारास सांगावे. दाबून आत बसविण्याचे स्पंजचे बोळे औषधालयांनी ठेवण्यास हरकत नाही, ते महाग नसतात.